स्वागतातली घाई : बडोद्यातील एका मंडळीचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण बडोद्यातील एका जुन्या प्रोटेस्टंट मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या समुदायात, घडले. संबंधितांची ओळख पटू नये म्हणून मंडळीचे नाव, वर्ष आणि काही कौटुंबिक तपशील वगळले आहेत. मी त्या काळात मंडळीच्या कमिटीचा सचिव होतो, त्यामुळे पुढे ज्या चुकांचा उल्लेख येईल त्यांपैकी निदान एक सरळसरळ माझी आहे.

आमची मुख्य उपासना गुजरातीत होते आणि महिन्याच्या तिसऱ्या रविवारी दुपारी चार वाजता मराठीत. गायकवाडांच्या राजवटीपासून दांडिया बाजार, रावपुरा या भागांत मराठी वस्ती आहे हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु आमच्या मराठी उपासनेला येणारी कुटुंबे त्या वस्तीतली नव्हेत. ती नोकरीच्या निमित्ताने महाराष्ट्रातून आलेली, तेथील मिशनच्या परंपरेत वाढलेली कुटुंबे आहेत. एकाच शहरात, एकाच भाषेत बोलणारे हे दोन समाज बाजारात रोज भेटतात, पण एकमेकांच्या घरी क्वचितच जातात. या प्रकरणातील तरुण पहिल्या समाजातून आला नव्हता आणि तरुणी दुसऱ्या समाजातली नव्हती, हे आधीच सांगितलेले बरे.

तरुण अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील ख्रिस्ती घरातला. त्या भागात अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ पासूनचे, आणि ते मिशन काँग्रिगेशनल परंपरेचे. गुजरातेत मात्र आयरिश प्रेस्बिटेरियन आणि मेथडिस्ट मिशनांचा ठसा अधिक. १९७० साली नागपुरात वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली असली, तरी गावोगावच्या सवयी एका ठरावाने एकसारख्या होत नाहीत. प्रभुभोजन (बाप्तिस्मा झालेल्यांनी भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी) बाकावर बसून घ्यायचे की पुढे जाऊन गुडघे टेकून, स्त्रिया आणि पुरुष वेगळ्या बाजूंना बसतात की कुटुंबे एकत्र, इतक्या साध्या गोष्टींत नवख्या माणसाची तारांबळ उडते. तो माणूस जन्माने ख्रिस्ती असला तरीही उडते.

तरुण मकरपुऱ्यातील एका कारखान्यात वर्षभरापासून काम करत होता. तरुणी रावपुऱ्यातील मराठी हिंदू कुटुंबातली, येथल्याच विद्यापीठातून शिकलेली. दोघांचे लग्न करायचे ठरले होते. तिच्या घरी मात्र अजून सांगितलेले नव्हते.

समस्या

जुलैमधील मराठी उपासनेला दोघे प्रथम आले आणि शेवटच्या बाकावर शेजारी बसले. आमच्याकडे डावी बाजू स्त्रियांची. एका वडीलधाऱ्या सभासदाने हळूच पण सर्वांना दिसेल अशा रीतीने तरुणाला उजवीकडे जायला सांगितले. तरुणी अनोळखी बायकांमध्ये एकटी राहिली. प्रभुभोजनाच्या वेळी ओळ पुढे सरकू लागली तेव्हा शेजारच्या बाईंनी प्रेमाने तिचा हात धरून तिला उठवले, आणि जायचे की नाही हे न कळल्यामुळे ती मधल्या वाटेत उभी राहिली. तरुणाने दुरून मान हलवून नको म्हटले, तेव्हा ती परत येऊन बसली.

याहून गंभीर गोष्ट शेवटी घडली. उपासनेच्या अखेरीस नव्या पाहुण्यांना उभे राहून नाव, गाव सांगायला लावण्याची आमची प्रथा होती. त्यामागचा हेतू चांगला होता आणि टाळ्याही मनापासून वाजत. दोघे उभे राहिले, तरुणाने दोघांचीही नावे सांगितली, आणि तरुण संघातील एकाने नेहमीप्रमाणे फोटो काढून तो मंडळीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला. गटात दोनशेहून अधिक माणसे होती. बडोद्यातील मराठी समाज फार मोठा नाही. मंगळवारी रात्रीपर्यंत तो फोटो तरुणीच्या मावशीच्या मोबाइलवर पोहोचला होता. आईवडिलांना जी गोष्ट ती स्वतः, आपल्या शब्दांत, योग्य वेळी सांगणार होती, ती त्यांना फोटोतून कळली. आणि फोटोत मुलगी वधस्तंभाखाली उभी होती.

बुधवारी सकाळी तरुणाचा फोन आला. “सर, तो फोटो काढून टाकता येईल का?” एवढेच तो म्हणाला. फोटो काढला, पण त्याचा उपयोग नव्हता.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात दोघे चर्चच्या कार्यालयात लग्नाविषयी विचारायला आले. येथे माझी चूक झाली. त्यांच्यासमोर मी आमचा नेहमीचा छापील कागद ठेवला : दोघांचे बाप्तिस्म्याचे दाखले, दृढीकरणाचा (बाप्तिस्म्यानंतर स्वतः श्रद्धा कबूल करण्याच्या विधीचा) दाखला, मूळ मंडळीचे पत्र, वयाचा पुरावा, आणि खाली वीज, सफाई, पेटीवादक व सजावट यांचे दर. जिचा बाप्तिस्माच झालेला नाही तिला मी बाप्तिस्म्याचा दाखला मागत होतो. तिने कागद शांतपणे वाचला, चार घड्या घालून पर्समध्ये ठेवला आणि “ठीक आहे” म्हणून दोघे उठले.

ती दोघे पुन्हा आली नसती असे मला आजही वाटते. आवारातील कडुलिंबाखाली त्यांना आमच्या मंडळीतील एक निवृत्त शिक्षिका भेटल्या. मंडळीत त्यांना सगळे बाई म्हणतात. बाईंनी त्यांना घरी नेले, चहा केला आणि जो प्रश्न आमच्यापैकी कोणीही विचारला नव्हता तो विचारला : “तुम्हांला आमच्याकडून नेमकं काय हवंय?” उत्तर अनपेक्षित होते. चर्चमध्येच लग्न लागले पाहिजे असा दोघांचा मुळीच हट्ट नव्हता. कोणी तरी मराठीत आपल्यासाठी प्रार्थना करावी, आणि त्या प्रार्थनेला तरुणीच्या आईला आपली मुलगी हरवली असे न वाटता बसता यावे, इतकेच त्यांना हवे होते.

विचारात घेतलेले पर्याय

कमिटीची विशेष बैठक बोलावली गेली. चार पर्याय पुढे आले.

पहिला पर्याय आधी तरुणीचा बाप्तिस्मा आणि मग रीतसर चर्चमधील विवाह असा होता. कमिटीतील ज्येष्ठांपैकी तिघे याच मताचे होते. आमच्या नियमांत दोघेही सभासद असावेत असे आहे आणि आजवर असेच होत आले, हा त्यांचा आधार. पाळकसाहेबांनी, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंनी, मात्र पहिल्याच मिनिटाला नकार दिला. त्यांचे पहिले कारण श्रद्धेचे होते : बाप्तिस्मा हा लग्नाचा परवाना नव्हे, आणि जिने तो मागितलेला नाही तिला तो सुचवणेही योग्य नाही. दुसरे कारण कायद्याचे. गुजरातेत २००३ चा धर्मस्वातंत्र्य कायदा आहे आणि त्यानुसार धर्मांतराचा विधी करणाऱ्याला जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. २०२१ च्या दुरुस्तीने विवाहाद्वारे होणाऱ्या धर्मांतराचा मुद्दा त्यात आणला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाने, जेथे बळजबरी, आमिष किंवा फसवणूक नाही अशा आंतरधर्मीय विवाहांना केवळ विवाह म्हणून ती कलमे लावण्यास अंतरिम स्थगिती दिली. ही स्थगिती ऐकून एका सदस्याला धीर आला होता. पाळकसाहेबांचे म्हणणे असे की, कायद्याने पकडता येत नाही हे कारण पुरेसे नाही. मुलीच्या आईला काय दिसेल ते पाहा.

दुसरा पर्याय बाप्तिस्म्याशिवाय चर्चमध्येच विवाह लावण्याचा. पुष्कळांना ठाऊक नसते, पण १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याच्या ४ थ्या कलमात दोघांपैकी एक जण ख्रिस्ती असला तरी चालते. म्हणजे अडचण त्या कायद्याची नव्हती, आमच्या नियमांची होती. नियमाला अपवाद करण्याचा अधिकार स्थानिक कमिटीला नव्हता, आणि वर विचारणा करून उत्तर येईपर्यंत किती महिने जातील याचा भरवसा नव्हता. शिवाय चर्चमधील विवाहाआधी सलग तीन रविवार दोघांची नावे उपासनेत वाचली जातात. फोटोच्या प्रकारानंतर हे पुन्हा करावे असे कोणालाच वाटेना.

तिसरा पर्याय १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी विवाह आणि त्यानंतर चर्चमध्ये आशीर्वादाची उपासना. या कायद्यात कोणालाही धर्म बदलावा लागत नाही. दोघांपैकी एक जण त्या जिल्ह्यात निदान तीस दिवस राहिलेला असावा लागतो, तीस दिवसांची नोटीस लागते आणि विवाहाच्या वेळी तीन साक्षीदार.

चौथा पर्याय दुसऱ्या एखाद्या मंडळीकडे पाठवून देण्याचा. तो मांडणाऱ्यानेच तो मागे घेतला.

दोन तासांच्या चर्चेनंतर तिसरा पर्याय निवडला गेला, पण एकमताने नव्हे.

केलेली कृती

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात दोघांनी विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात नोटीस दिली. नोटीस तेथे लावली जाते. आणि तरुणाचे कायमचे राहण्याचे ठिकाण दुसऱ्या जिल्ह्यात असल्यामुळे तिची प्रत तेथेही गेली. याचा परिणाम आम्ही लक्षात घेतला नव्हता, त्याविषयी पुढे येईल.

तारीख ठरवताना एक गमतीशीर पण खरी अडचण आली. तरुणीची आई एव्हाना मुलीशी बोलू लागली होती, आणि तुळशीचे लग्न लागल्याशिवाय घरातले कोणतेही लग्न नको ही तिची एकमेव अट होती. आमच्याकडे नाताळापूर्वीचा आगमनकाळ सुरू झाला की विवाहाचे समारंभ टाळतात. नोटिशीनंतर तीन महिन्यांत विवाह झाला नाही तर ती रद्द होते, ही तिसरी मर्यादा. तुळशीविवाह आणि आगमनकाळाचा पहिला रविवार यांच्यामध्ये मोजके दिवस उरले. त्यांतला एक शनिवार दोन्ही घरांना मान्य झाला. सकाळी नोंदणी आणि सायंकाळी पाच वाजता उपासना.

या दरम्यान तरुणीची आई आपल्या भावाबरोबर पाळकसाहेबांना भेटायला आली. पाळकसाहेब गुजराती, पण बडोद्यात वाढल्यामुळे उत्तम मराठी बोलतात. बाईंनी खुर्च्या मांडून होईपर्यंतही न थांबता तिने विचारले : “पाळकसाहेब, आमची मुलगी तुमच्याकडे येऊन बाटणार का, तेवढं सांगा.” या प्रश्नाला गोल उत्तर देणे सोपे होते. त्यांनी सरळ सांगितले की तिचा बाप्तिस्मा होणार नाही, तिचे नाव बदलणार नाही, आणि पुढे कधी तिला स्वतःला काही वाटले तर तो तिचा वेगळा निर्णय असेल, जो या लग्नाला जोडला जाणार नाही. मग त्यांनी उपासनेचा क्रम लिहिलेला कागद तिच्या हाती दिला आणि घरी नेऊन वाचायला सांगितले. तिच्या भावाने दोन ओळींखाली रेघ ओढून तो चार दिवसांनी परत आणला. मंडळीच्या इतिहासात उपासनेचा क्रम एखाद्या हिंदू मामाने तपासल्याचा हा पहिलाच प्रसंग असावा.

रेघ ओढलेली पहिली ओळ शास्त्रपाठाची होती. आमच्याकडे अशा प्रसंगी रूथने दिलेले वचन वाचण्याची पद्धत आहे, ज्यात ती तुमचे लोक ते माझे लोक आणि तुमचा देव तो माझा देव असे म्हणते. मामांनी विचारले की हे आमच्या मुलीच्या तोंडी आहे का. प्रश्न बिनतोड होता. (ते वचन मुळात सुनेने सासूला दिलेले आहे आणि नवऱ्याशी त्याचा संबंध नाही, पण लग्नांत ते इतके रुळले आहे की हे कोणाला आठवत नाही.) तो पाठ वगळून करिंथकरांस पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय, प्रीतीविषयीचा, घेतला गेला.

दुसरी ओळ मंगळसूत्राला आशीर्वाद देण्याची होती. मराठी ख्रिस्ती लग्नांत मंगळसूत्र असतेच, फक्त पुष्कळदा वाट्यांऐवजी वधस्तंभाचे पदक असते. आईला वाट्यांचेच हवे होते. कमिटीत यावर नको तितका वाद झाला. अखेर असे ठरले की नोंदणी झाल्यावर ते घरच्या घरी घालावे आणि तरुणीने ते घालूनच चर्चमध्ये यावे. म्हणजे चर्चला त्यावर काही म्हणायचा प्रसंगच येणार नाही.

क्रम लिहिताना पाळकसाहेबांनी आणखी एक काळजी घेतली. विवाह सकाळीच कायद्याने झालेला असणार, म्हणून सायंकाळी “तू हिचा पत्नी म्हणून स्वीकार करतोस काय” हा प्रश्न विचारायचा नाही आणि चर्चच्या विवाह नोंदवहीत नोंद करायची नाही. ज्यांचा विवाह झाला आहे अशा दोघांसाठी ही उपकारस्तुतीची उपासना आहे, असे वाक्य त्यांनी आरंभीच घातले. बारीक वाटणारी ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण एकाच जोडप्याची दोन कायद्यांखाली दोन लग्ने झाल्याचा कागदी घोळ पुढे त्यांनाच निस्तरावा लागला असता.

याच काळात उपासनेतील स्वागताची पद्धतही बदलली. पाहुण्यांना उभे करणे बंद झाले. बाकांवर बसलेल्यांचे फोटो काढू नयेत असा ठराव झाला, त्याला तरुण संघाने विरोध केला. दारात रोज तेच ते कमिटी सदस्य उभे राहत, त्यांच्या जागी बाई आणि एक तरुण जोडपे उभे राहू लागले. नव्याने आलेल्याला हवे असेल तर सोबत बसायचे, प्रभुभोजनाआधी “बसून राहिलं तरी चालतं” एवढे हळूच सांगायचे, आणि नाव त्यांनी सांगितले तरच विचारपूस पुढे न्यायची. मराठी उपासनेनंतर चहाबरोबर शेव-उसळ ठेवण्याची सूचना बाईंची. बडोद्यात याहून सोपे निमंत्रण नाही.

परिणाम

ठरल्या शनिवारी सकाळी नोंदणी झाली. तीन साक्षीदारांत तरुणीचे मामा, तरुणाचा एक सहकारी आणि बाई होत्या. सायंकाळच्या उपासनेला सत्तरएक माणसे होती. तरुणीची आई, मामा आणि दोन मावसभावंडे आली. वडील आले नाहीत. नारायण वामन टिळकांचे एक भजन पेटी-तबल्यावर गायले गेले, आणि अभंगाची चाल कानी पडल्यावर पुढच्या बाकावरील मंडळी थोडी सैल होऊन बसलेली मला दिसली. आईने पिशवीत अक्षता आणल्या होत्या. चर्चमध्ये त्या टाकाव्यात की नाही हे तिने कोणाला विचारले नाही. बाहेर आवारात, कडुलिंबाखाली, टाकल्या. काही ख्रिस्ती बायकांनीही तिच्या मुठीतून दाणे घेतले.

कमिटीतील एका ज्येष्ठ सदस्याने पुढच्या महिन्यात राजीनामा दिला. चर्चने लग्न न लावता लग्नाचा देखावा केला, असे त्यांचे मत होते आणि ते त्यांनी लेखी दिले. मला ते मान्य नाही, पण ते अविचारी मत नव्हते.

तरुण आता नियमित येतो. तरुणी मराठी रविवारी येते, तेही दर वेळी नाही, आणि प्रभुभोजनाच्या वेळी बाईंशेजारी बसून राहते.

वेगळे काय करता आले असते

फोटोविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. तो काढायलाच नको होता. त्यापुढची मोठी उणीव वेगळी आहे. आमचे सगळे लक्ष तरुणीच्या घराकडे लागले आणि तरुणाच्या आईवडिलांना आम्ही गृहीत धरले. ते ख्रिस्ती, म्हणजे आपलेच, समजून घेतील, अशी समजूत. मुलाने नोंदणीचे ठरवले आहे हे त्यांना आपल्या गावी पोहोचलेल्या नोटिशीच्या चर्चेतून कळले. वडील निवृत्त शिक्षक आणि आपल्या मंडळीत मानाचे. ते लग्नाला आले, पण “कचेरीतलं लग्न आमच्यात कोणी लग्न मानत नाही” हे पाळकसाहेबांना ऐकवूनच. नोटीस देण्याआधी पाळकसाहेबांनी त्यांच्या पाळकांना एक फोन केला असता, किंवा मी स्वतः एक पत्र लिहिले असते, तर ही सल राहिली नसती. फोटोने एका घराचे जे केले तेच नोटिशीने दुसऱ्या घराचे केले, आणि या वेळी आम्हांला आधीचा अनुभव असूनही.

दुसरी गोष्ट कायदेशीर सल्ल्याची. विशेष विवाह कायद्याच्या १९ व्या कलमानुसार अविभक्त हिंदू कुटुंबातील व्यक्तीने या कायद्याखाली विवाह केल्यास ती त्या कुटुंबापासून विभक्त झाल्याचे धरले जाते. रावपुऱ्यातील घर वडिलोपार्जित होते. हे कलम तरुणीला नोटीस दिल्यानंतर, एका परिचित वकिलाकडून कळले. तिने निर्णय बदलला नाही. पण हा पर्याय आम्ही सुचवला होता, तर त्याचे परिणाम समजावून देणाऱ्याकडे तिला आधी पाठवणे आमचे काम होते. आता कार्यालयात अशी चौकशी आली की पहिल्या भेटीत कागद न देता दोघांचे म्हणणे ऐकायचे, आणि आवश्यक तेथे दुसऱ्या भेटीआधी वकिलाकडे पाठवायचे, असे ठरले आहे. दरांचा कागद अजून तोच आहे. फक्त तो तिसऱ्या भेटीत दिला जातो.

तरुणीच्या वडिलांकडे कोणी जावे का, हा प्रश्न मात्र सुटलेला नाही. पाळकसाहेब जायला तयार होते. आईने हात जोडून नको म्हटले आणि ते थांबले. बाईंच्या मते मामांबरोबर कोणीतरी बिनख्रिस्ती स्नेही गेला असता तर दार उघडले असते. असेलही. मंडळीच्या नोंदीतही एक जागा रिकामी आहे : सभासदांची वही आहे, पाहुण्यांची वही आहे, आणि दोन वर्षे येत असलेल्या या तरुणीचे नाव दोन्हींपैकी कशातही नाही. मागच्या बैठकीत विषय निघाला, तेव्हा तिला विचारल्याशिवाय काही लिहायचे नाही असे ठरून तो पुढे ढकलला गेला.